स्कॅडनंतरचं कार्डियाक रिहॅब: मी केलेल्या या चुका टाळा

मला 42 व्या वर्षी हार्ट अटॅक आला तेव्हा कोलेस्टेरॉल, शुगर, बीपी सगळं नॉर्मल, आणि भेटायला येणारा प्रत्येकजण विचारायचा की तुला कसा काय. अँजिओग्राफीत कळलं की चरबीचं ब्लॉकेज नाहीच, हृदयाच्या धमनीच्या भिंतीचे पदर आपोआप सुटले आणि मध्ये रक्त साचून आतली वाट दाबली गेली. याला स्कॅड म्हणतात. 10 पेशंटपैकी साधारण 9 बायकाच असतात, बाळंतपणानंतरही होऊ शकतं. स्टेंट टाकताना फाट अजून पुढे सरकू शकते, म्हणून पेशंट स्टेबल असेल तर बऱ्याचदा औषधांवरच ठेवतात, बहुतेकींची धमनी काही आठवड्यांत-महिन्यांत आपली आपण भरून येते. आमच्या घरी मात्र ‘स्टेंट नाही म्हणजे किरकोळच होतं’ असा अर्थ निघाला आणि चौथ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते.

मग उलटी चूक केली. भीतीने दोन महिने नुसती बसून. जिना चढायचा म्हटलं तरी छातीत धडधड, ती हृदयाची कमी आणि घाबरल्याची जास्त. कार्डियाक रिहॅब, म्हणजे अटॅकनंतर सेंटरमध्ये देखरेखीखाली करून घेतात तो व्यायाम, ही भीती काढायलाच असतं, डॉक्टरांनी स्वतःहून लिहून दिलं नाही तर मागून घ्या.

पण रिहॅबमध्ये पहिल्या दिवशीच सांगा की मला स्कॅड आहे, कारण बहुतेक सेंटरना बायपास-स्टेंटवाल्या साठीच्या काकांची सवय असते. मी सांगितलं नाही. तिथे 220 वजा वय करून 178 काढले, त्याचे 70 टक्के म्हणजे 125, एवढी पल्स आणा म्हणाले. आता मी मेटोप्रोलॉल या बीटा ब्लॉकर औषधावर, ते पल्स दाबूनच ठेवतं, ती 105 च्या वर हलेना, म्हणून मी ट्रेडमिलचा स्पीड वाढवत गेले आणि शेवटी डोळ्यांपुढे अंधारी आली. बीटा ब्लॉकर चालू असेल तर हा हिशोब धरूच नका. टार्गेट काढायचंच तर औषध घेऊन केलेल्या स्ट्रेस टेस्टवरून काढतात, नाहीतर साधी परीक्षा म्हणजे चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दमण्याची 6 ते 20 अशी बोर्ग स्केल असते, माझं आता 11 ते 13 मध्ये चालतं. आणि मशीनवरून धाडकन उतरू नका, शेवटची 5-10 मिनिटं हळूहळू स्लो करा, नाहीतर बीपी पडून चक्कर येते.

सगळ्यात मोठी चूक जिममध्ये नाही, घरात होते. श्वास रोखून जोर लावणं! दम कोंडून वजन उचललं की बीपी एकदम उसळतं आणि तो ताण थेट धमनीच्या भिंतीवर. कॅनडात व्हँकुव्हरला स्कॅडवाल्यांसाठी वेगळा रिहॅब प्रोग्रॅम आहे, तिथे बायकांना 20 ते 30 पाउंड, म्हणजे 9 ते 13 किलोच्या आतच उचलायला सांगतात. भरलेला गॅस सिलेंडर जवळपास 30 किलोचा असतो. पाण्याने काठोकाठ भरलेली मोठी बादली, दळणाचा डबा, झोपलेलं पोर, हे कुणीच ‘व्यायाम’ म्हणून मोजत नाही. कुंभकाचं प्राणायामही तूर्त बंद, शीर्षासन तर नकोच, अनुलोम-विलोम श्वास न रोखता डॉक्टरांना विचारून करा. बद्धकोष्ठ अंगावर काढू नका, तिथेही कुंथणं हाच प्रॉब्लेम.

बाकी, तूप बंद करून धमनी फाटायची थांबत नाही, त्यामुळे शेजारणींचे सल्ले हसून सोडा. त्यापेक्षा मान, पोट, किडनीच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन झालाय का ते विचारा, स्कॅडवाल्यांत तिथेही फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया नावाचा दोष बरेचदा सापडतो. गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोन्स कुणी लिहून दिले तर आधी कार्डिओलॉजिस्टला विचारा.

आता छातीत दुखण्याचं. स्कॅडनंतर कितीतरी महिने अधूनमधून दुखतं, काहींना पाळीच्या आसपास जास्त, आणि दर दुखणं म्हणजे नवा अटॅक नसतो. पण हे घरी बसून ठरवायचं नाही. व्यायाम थांबवा, बसा, आणि डॉक्टरांनी आधी आखून दिलेल्या वेळेत कमी झालं नाही किंवा पहिल्या अटॅकसारखं वाटलं तर 108 लावा, स्वतः स्कूटी काढून जाऊ नका. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि स्कॅड हा शब्द ठळक करून घ्या, कारण कॅज्युअल्टीत चाळिशीतली बाई बघून ‘गॅसेस असतील हो’ म्हणणारा कुणीतरी भेटतोच, त्याच्यापुढे आधी तो फोटो धरायचा.