‘झाडाखालच्या’ कुठे तोडायचा?

दुसरीतल्या मुलासमोर ‘झाडाखालच्या’ हा शब्द आला की ते झा-डा-खा-ल-च्या असं ठोकत जातं. एकही अक्षर चुकत नाही, पण ‘काय वाचलंस?’ विचारलं की गप्प. हिंदीत ‘पेड़ के नीचे’ असे सुटे शब्द मिळतात. मराठी सगळं एकाला एक चिकटवून लिहिते. म्हणून अक्षरओळख झाली, जोडाक्षरं सुरू झाली, की मी शब्द तोडायलाही शिकवते.

सुरुवात तोंडीच. ‘पाणी. मासा कशात राहतो?’ ‘पाण्यात.’ ‘देऊळ. घंटा कुठे वाजते?’ ‘देवळात.’ ‘भाऊ. राखी कुणाला बांधतेस?’ ‘भावाला.’ मराठी घरातलं मूल शाळेत येतं तेव्हा हे त्याच्या तोंडात बसलेलंच असतं. कुणी ‘शाळंत’ म्हणालं तर म्हणू द्या. पुस्तकात ‘शाळेत’ छापतात एवढं दाखवलं की झालं. ‘त’, ‘ला’ लागण्याआधी ‘पाणी’चं ‘पाण्या’ होतं, व्याकरणात त्याला सामान्यरूप म्हणतात. ते नाव दुसरीत काढू नका.

मग पट्ट्या. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू यासाठी उत्तम, जाड असते. आधी नदी, पेटी, टोपी, गादी असे न बदलणारे शब्द घ्या. वेगळ्या तुकड्यांवर ला, त, वर, खाली लिहा. मुलं जोडतात, मोठ्यांदा वाचतात: पेटीत, टोपीवर, गादीखाली. चा-ची-चे नंतर.

खरं काम पुढे आहे. पट्टीच्या एका बाजूला ‘पाणी’, मागे ‘पाण्या’. तसंच विहीर–विहिरी, दूध–दुधा, गहू–गव्हा, ऊस–उसा. नियम एकच: शेपूट जोडायचं तर पट्टी उलटायची. ‘विहिरीत’मधल्या ‘हि’ची वेलांटी ऱ्हस्व का, हे मुलं आपणहून विचारतात, आणि शुद्धलेखनाचा तास वेगळा घ्यावा लागत नाही. ‘शरीर’सारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द इथे घेऊ नका, ‘शरीरात’मध्ये री दीर्घच राहते आणि मुलं गोंधळतात.

हे जमलं की चढत जायचं: पेटी, पेटीत, पेटीतला, पेटीतल्या, पेटीतल्यांना. एकाखाली एक लिहून वाचून घ्या. लांब शब्दाची भीती यानेच जाते.

आता फसवे शब्द. ‘त’ दिसला की मुलं भात, हात, दातसुद्धा कापतात. कापू द्या, आणि विचारा, ‘उरलं काय?’ ‘भा.’ ‘भा म्हणजे?’ वर्ग हसतो, तुकडे परत जोडतो. ‘हातात’ मात्र कापता येतो. हा फरक सांगण्यापेक्षा कात्रीने लवकर कळतो.

शब्दाच्या सुरुवातीला लागणारे तुकडे तिसरीत घ्या, आणि ‘बिन’पासून सुरू करा, कारण ‘बिनसाखरेचा चहा’ प्रत्येक घरात कुणीतरी पितं. ‘अ’ आणि ‘बे’ त्यानंतर. ‘बेडूक’ कुणीतरी कापणारच. तेव्हाही विचारायचं, उरलं काय?

पुस्तकात पेन्सिलीने बारीक रेघा मारून देते, पण पहिल्या वाचनापुरत्याच. दुसऱ्या वाचनाआधी मुलांनीच त्या खोडायच्या.