मॅक्रोसाठी सेन्सर मोठा की लेन्स चांगली?

मॅक्रो, म्हणजे लहान गोष्टींचे अगदी जवळून काढलेले फोटो, म्हटलं की लोक फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या मागे लागतात, पण किड्यांसाठी खरंच गरज नाही. १:१ म्हणजे १२ मिमीचा मुंगळा सेन्सरवरही १२ मिमीच पडतो, आता फुल फ्रेम ३६ मिमी रुंद म्हणजे तिथे एक तृतीयांश फ्रेम भरते आणि एपीएस-सी हा लहान सेन्सर साधारण २३.५ मिमी, तिथे क्रॉप न करता निम्मी. फुल फ्रेमवर अंधारात नॉइज (फोटोतले दाणे) कमी येतो हे खरं, पण फ्लॅश लावतोच की आपण! पैसे लेन्सवर घाला. ६० मिमीची मॅक्रो लेन्स फुलांना ठीक, फुलपाखराच्या मात्र इतकं जवळ जावं लागतं की ते उडतंच, त्यापेक्षा १०० मिमी घ्या. बजेट नसेल तर साध्या ५० मिमी लेन्सला २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावा, निदान अर्ध्या पटीपर्यंत (१:२) जाता येतं. आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) एफ/११ पेक्षा लहान करू नका, डिफ्रॅक्शनमुळे फोटोची धार जाते; आंबोलीत एफ/२२ वर काढलेले माझे सगळे बेडूक धूसर आलेत.