लाइफ सिम्युलेशन गेमसाठी कमी बजेटचा डेस्कटॉप: खरेदीआधीची तयारी

पार्ट निवडायला बसण्याआधी एका कागदावर तुम्हाला खेळायच्या गेमची नावं लिहून काढा. ‘लाइफ सिम्युलेशन’, म्हणजे पात्रांचं रोजचं आयुष्य चालवायचे गेम, म्हटलं की सगळे गेम एकाच माळेचे मणी वाटतात, पण मशीनवर पडणारा भार पाहिला तर त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. 2016 सालच्या स्टारड्यू व्हॅलीला 2 जीबी रॅम आणि 500 एमबी जागा पुरते. तेवढाच खेळायचा असेल तर घरात असलेला जुना कॉम्प्युटरही चालेल, नवा घेऊ नका. द सिम्स 4 हा 2014 सालचा गेम. त्याला किमान 4 जीबी रॅम लागते आणि 8 जीबीची शिफारस आहे. त्याचा मूळ गेम ऑक्टोबर 2022 पासून फुकट मिळतो, त्यामुळे बजेट पार्टवर घालता येतं. मार्च 2025 मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच विक्रीला) आलेला इन्झोई मात्र अनरिअल इंजिन 5 या जड ग्राफिक्सच्या प्रणालीवर बनलाय. त्याची किमान मागणीच 12 जीबी रॅम आणि आरटीएक्स 2060 च्या तोडीचं ग्राफिक्स कार्ड अशी आहे. यादीत इन्झोई आहे की नाही, यावर निम्मी खरेदी ठरते.

नावांसमोर आणखी एक गोष्ट लिहा: कसं खेळणार? चार-सहा पॅक (गेममध्ये विकत घ्यायची भर), शेकडो मॉड (खेळाडूंनी बनवलेले बदल), डाउनलोड केलेले कपडे आणि फर्निचर, पिढ्यान्‌पिढ्या चालणारं एकच कुटुंब? या प्रकारच्या गेमचं वजन खेळता खेळता वाढतं. शूटिंगचा गेम पहिल्या दिवशी जसा चालतो तसाच साधारण सहाव्या महिन्यात चालतो. इथे तसं होत नाही. सेव्ह फाइल फुगते, गावात माणसं वाढतात, घरात वस्तू साचतात. म्हणून रिकाम्या घरात नवराबायको दोघंच असताना गेम कसा पळतो हे पाहून मशीन घेऊ नका. आठ जणांचं भरलेलं घर डोळ्यासमोर ठेवा. सिम्स 4 मध्ये एका कुटुंबात आठच जण बसतात, तेव्हा हीच खरी परीक्षा.

मशीन कमी पडतं तेव्हा काय दिसतं? पात्र फ्रिजसमोर उभं असतं. तुम्ही जेवण बनवायची सूचना दिलेली असते. वरचं घड्याळ पळतंय, गेममधली वीस मिनिटं गेली, तरी पात्र जागचं हललेलं नाही. चित्र अगदी गुळगुळीत आहे, कॅमेरा फिरवला तर अडखळत नाही, फक्त माणसं थिजलीत. यालाच सिम्युलेशन लॅग म्हणतात, आणि महागडं ग्राफिक्स कार्ड लावून तो जात नाही. कारण साधं आहे. प्रत्येक पात्र थोड्या थोड्या वेळाने आजूबाजूची प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक माणूस तपासतं, त्यातून पुढची कृती निवडतं, मग तिथवर जायची वाट शोधतं. हा हिशेब प्रोसेसर करतो, आणि त्यातला मोठा भाग त्याच्या एकाच कोअरवर (आतल्या एका गणन-भागावर) पडतो. घर अरुंद असेल, दारात खुर्ची अडकली असेल, तर वाट शोधण्याचं काम आणखी वाढतं.

म्हणून प्रोसेसर घेताना कोअरची संख्या मोजत बसू नका, एका कोअरचा वेग बघा. चार कोअरचा आय3-12100एफ किंवा सहा कोअरचा रायझन 5 5600 या कामाला उत्तम. कमी पैशांत बारा-चौदा कोअरचे, सर्व्हरसाठी बनलेले जुने झिऑन प्रोसेसर मिळतात, ते इथे निरुपयोगी ठरतात, कारण त्यांचा एकेक कोअर संथ असतो. नावाच्या शेवटचं अक्षर नीट वाचा. इंटेलमध्ये शेवटी ‘एफ’ असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. कार्ड लावलं नाही तर स्क्रीन काळीच राहणार. एएमडीच्या 5600 मध्येही ग्राफिक्स नाही, 5600जी मध्ये आहे. या एका अक्षराने पुष्कळ जणांची फसगत होते.

सिम्स 3 यादीत असेल तर थोडं थांबा. 2009 सालचा हा गेम इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या, दोन प्रकारचे कोअर असलेल्या प्रोसेसरवर अनेकदा सुरूच होत नाही. खेळाडूंनी बनवलेला पॅच (दुरुस्तीची फाइल) लावावा लागतो. विंडोजवर तो 32 बिट असल्यामुळे मशीनमध्ये 32 जीबी रॅम असली तरी 4 जीबीच्या पुढे वापरू शकत नाही. मर्यादा जवळ आली की सेव्ह करताना ‘एरर 12’ येतो आणि त्या दिवसाचा खेळ पाण्यात. शिवाय हा गेम फ्रेमवर, म्हणजे दर सेकंदाला काढायच्या चित्रांवर, लगाम घालत नाही, त्यामुळे साध्या मेन्यूतही कार्ड जीव तोडून धावतं, तापतं, बारीक शिट्टीसारखा आवाज करतं. ड्रायव्हरच्या पॅनेलमधून त्याला 60 फ्रेमची मर्यादा घालून द्या.

आता कार्ड घ्यायचं की नाही? यादी सिम्स 4 पाशी थांबत असेल तर 5600जी आणि त्याचं अंगचंच ग्राफिक्स पुरे. 1080पी वर मध्यम सेटिंगला खेळ छान चालतो. फक्त लक्षात ठेवा, हे ग्राफिक्स रॅममधूनच वाटा उचलतं. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) त्याला 2 जीबी दिली तर 16 मधल्या 14 उरतात. म्हणून इथे 8 जीबीवर भागवू नका. इन्झोई हवा असेल तर 8 जीबी मेमरीचं आरएक्स 6600 ही योग्य सुरुवात. ते किमान पातळी आरामात ओलांडतं, पण शिफारस केलेल्या आरटीएक्स 3070 पर्यंत पोचत नाही, तेव्हा सेटिंग मध्यम ठेवायची मनाची तयारी हवी.

रॅम 16 जीबी, आणि तीही 8-8 च्या दोन स्टिकमध्ये. एकच 16 ची काडी लावली तर मेमरीचा एकच चॅनल चालतो, आणि कार्डाशिवायच्या मशीनवर तो फरक डोळ्यांना दिसतो. मदरबोर्डवर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा वापरा. 3200 वेगाची डीडीआर4 रॅम घेतली तरी ती बहुधा आपोआप 3200 वर चालत नाही, त्याहून कमी वेगावर सुरू होते. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू करावं लागतं. पैसे भरलेला वेग वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिलेली कितीतरी मशीन आहेत.

हार्ड डिस्कवर गेम ठेवू नका. मॉडचा फोल्डर दहा-वीस जीबीचा झाला की त्यात हजारो लहान लहान फाइल असतात, आणि हार्ड डिस्कला त्या एकेक शोधत फिरावं लागतं. एसएसडी हवीच. साटा एसएसडी आणि तिच्याहून वेगवान एनव्हीएमई एसएसडी यांच्यातला फरक मात्र या गेममध्ये फार जाणवत नाही, तेव्हा त्यापायी बजेट ताणू नका. 500 जीबी किमान, इन्झोई असेल तर 1 टीबी. एम.2 (थेट मदरबोर्डवर खोचायची) एसएसडी घेताना मदरबोर्डचा स्लॉट एनव्हीएमई स्वीकारतो ना, हे आधी बघा.

एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या डब्यावर) काटकसर करू नका. कार्ड नसेल तर चांगल्या कंपनीचा 450 वॅट, आरएक्स 6600 सोबत 500 ते 550. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर लिहिलेल्या वॅटवर विश्वास ठेवू नये. कॅबिनेट पुढून जाळीचं असावं. काचेमागे पंखे लपले की हवा आत येत नाही.

ऑफिसमधून निघालेला जुना डेस्कटॉप हा बजेटसाठी खरोखर चांगला मार्ग आहे. आय5-8500 असलेलं मशीन सिम्स 4 ला मस्त चालतं. पण तीन गोष्टी तपासा. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन 2000 पासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची सोय) लागतं. टीपीएम दिसत नसेल तर बायोसमध्ये ते बंद असू शकतं. दुसरं, कॅबिनेटची उंची: बारीक कॅबिनेटमध्ये फक्त लो प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्ड बसतं. तिसरं, आतला एसएमपीएस. तो बहुधा कंपनीच्या खास जोडणीचा असतो आणि कार्डासाठी वेगळी वायर देत नाही, म्हणून स्लॉटमधूनच 75 वॅटमध्ये भागणारं जीटीएक्स 1650 शोधा. आरएक्स 6400 ही बसतं, पण ते स्लॉटच्या चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं आणि जुन्या बोर्डवर मंदावतं.

मॉनिटर 24 इंची, 1080पी, आयपीएस पॅनेलचा पुरे. घरं सजवायची असतील तर रंग नीट दिसणं महत्त्वाचं, 144 हर्ट्झ नव्हे. वीज जात असेल तर लहान यूपीएस घ्या. सेव्ह चालू असताना वीज गेली तर ती फाइल खराब होऊ शकते.

जोडणीच्या दिवशी कूलरच्या तळाला प्लास्टिक चिकटवलेलं असेल तर ते काढलंय ना हे पाहा, प्रोसेसरची वेगळी पॉवर वायर लावलीय ना हेही. कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, मदरबोर्डला नाही. मग विंडोज, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, आणि त्यानंतरच गेम. पहिली चाचणी मॉडशिवाय करा. गर्दीच्या ठिकाणी जाऊन सगळ्यात जास्त वेगावर गेममधला एक पूर्ण दिवस जाऊ द्या, आणि टास्क मॅनेजरमध्ये एकूण टक्केवारीऐवजी एकेक कोअरचा आलेख पाहा. एकूण वापर तीसच टक्के दिसतो आणि एक कोअर पूर्ण भरलेला असतो.

शेवटचं काम खेळायला बसण्याआधीचं. सिम्स 4 चे सेव्ह आणि मॉड डॉक्युमेंट्समधल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स फोल्डरमध्ये असतात, आणि विंडोज 11 तो डॉक्युमेंट्स फोल्डर पुष्कळदा वनड्राइव्हला जोडून टाकतं. तिथली फुकटची 5 जीबी मॉडने भरते, सिंक अडकतं आणि सेव्ह होत नाही. ते सिंक बंद करा आणि सेव्हचा फोल्डर दर आठवड्याला पेनड्राइव्हवर घ्या. मूळ सेव्ह उघडला नाही तर त्याच फोल्डरमधली शेवटी ‘ver0’ असलेली फाइल शोधा. तो आधीचा सेव्ह असतो. नावातलं ‘ver0’ आणि त्याआधीचा टिंब काढला की तो गेममध्ये उघडतो.