बॉल बॉयचं काम: चेंडू उचलणं सोपं, तो कुठं न्यायचा ते अवघड

मागच्या एप्रिलमधे आमच्या टेनिस ग्रुपची घरगुती टूर्नामेंट होती अन् बॉल बॉय उभे करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला वाटलं त्यात काय एवढं, कॉलनीतले दहा-बारा पोट्टे-पोट्ट्या जमवू, चेंडू गेला की पळायचं, झालं. पहिल्याच मॅचमधे एका चेंडूमागं तिघं धावले, दोघांची टक्कर झाली, अन् सर्व्ह (पॉइंट सुरू करायचा पहिला फटका) करणारे काका तिकडं हात पुढं करून उभे, त्यांच्याकडं एकही चेंडू नाही. नागपुरात अजून कोणावर ही वेळ येणार असेल तर त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो.

आधी जागा. मोठ्या स्पर्धांत एका कोर्टावर सहा जण असतात, दोघं नेटच्या दोन खांबांजवळ अन् चौघं मागच्या चार कोपऱ्यांत. तुमच्याकडं चारच असले तर दोन नेटला अन् दोन्ही टोकांना एकेक ठेवा, चालून जाते. नेटवाले पोट्टे चपळ पाहिजेत, एक गुडघा टेकून रेसला बसतो तसे बसलेले, कारण नेट मधोमध फक्त ३ फूट उंच असतं अन् पोट्टा ताठ उभा राहिला की खेळणाऱ्याच्या नजरेत येतो. पहिला सर्व्ह नेटमधे अडकला की दुसऱ्या सर्व्हच्या आत तो चेंडू उचलून परत जागेवर यायचं. कोण उचलणार ते आधीच वाटून द्या, नाही तर "तू जा न बे" मधेच वेळ जातो.

चेंडू फेकायचा नाही, जमिनीवरून सरपटत सोडायचा, अन् तोही कोर्टाच्या बाहेरच्या बाजूनं, नेटवाल्याकडून मागच्याकडं. आमच्या पोट्ट्यांना क्रिकेटची सवय, हात वर गेला की थेट थ्रोच. दोन दिवस फक्त सरपटवण्याची प्रॅक्टिस घ्या, बाकी काही नाही घेतलं तरी चालेल.

सर्व्हरला चेंडू द्यायचा तर हात सरळ वर करून दाखवायचा, त्यानं मान हलवली की एक टप्पा पाडून असा सोडायचा की त्याच्या कमरेजवळ आला पाहिजे. कोणाला दोन लागतात, कोणाला तीन, कोणाला मागचा पॉइंट जिंकलेला तोच चेंडू पाहिजे असतो. द्या, वाद नाही घालायचा. अन् त्यानं चेंडू आपटायला सुरुवात केली की पुतळा व्हायचं. डास चावू दे, नाक खाजू दे. हालल्यामुळं खेळणाऱ्याचं लक्ष गेलं तर अंपायर लेट देऊ शकतो अन् पॉइंट परत खेळावा लागतो. गंमत म्हणजे नियमात आपल्या जागेवर असलेला बॉल बॉय कुंपणासारखाच धरतात. टप्पा न पडता चेंडू त्याला लागला तर मारणाऱ्याचा पॉइंट जातो.

आता खरी गोची. चेंडू नेहमी सर्व्हरच्या टोकाला जमले पाहिजेत, अन् सर्व्हर बदलतो, टोकंही बदलतात. आम्ही खडूनं जमिनीवर कोर्ट काढून पोट्ट्यांना दाखवलं तेव्हा कळलं की नियम साधा आहे. विषम गेमनंतर (एकाच्या सर्व्हवर खेळलेला एक डाव म्हणजे गेम), म्हणजे १, ३, ५ नंतर खेळाडू टोकं बदलतात, तेव्हा चेंडू हालवायचेच नाहीत, कारण पुढचा सर्व्हर चालत तिथंच येतो. २, ४, ६ नंतर टोकं बदलत नाहीत, तेव्हा सगळे चेंडू पलीकडं पाठवायचे. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

टायब्रेकमधे, म्हणजे गेम ६-६ बरोबरीत आले की निकाल लावायला खेळतात त्या गेममधे, मात्र सगळं उलटं होऊन जाते. पहिला एक पॉइंट एकाचा सर्व्ह, मग दोन-दोन, अन् दर ६ पॉइंटला टोकं बदलणार. सहाव्यानंतर तोच सर्व्हर टोक बदलून परत सर्व्ह करतो, म्हणून तेव्हा चेंडूपण त्याच्यासोबत पलीकडं. आमचे पोट्टे नेमके इथंच गडबडले, म्हणून मागच्या कोपऱ्यात स्कोअर मोजता येणारीच पोट्टी ठेवा, वयानं मोठी असेलच असं नाही. आमची सगळ्यात भारी बॉल गर्ल सातवीतली होती.

घामाचे टॉवेल उचलायचं काम कोविडपासून बहुतेक मोठ्या स्पर्धांत खेळाडूंनाच करावं लागते, तुम्हीही पोट्ट्यांना देऊ नका.

अन् ऊन. मे मधे पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळं मॅच सकाळी साडेसहाला सुरू करून नऊच्या आत गुंडाळा, डोक्याला टोपी, मानेला ओला दुपट्टा, अन् अर्ध्या तासानं टीम बदला. पोट्टे सांगत नाहीत चक्कर येते म्हणून, लाजतात, तुम्हीच पाहात राहा. टेनिसचा मोठा खेळाडू रॉजर फेडरर लहानपणी स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या स्पर्धेत बॉल बॉय होता अन् पुढं त्याच स्पर्धेत बॉल बॉयांना पिझ्झा खाऊ घालायचा. आम्ही तर्री पोहे दिले, वरून निंबूपाणी, दुसऱ्या दिवशी न बोलावता चार पोट्टे जास्त आले.