ताजीनसाठी खारवलेलं लिंबू
मोरोक्कोतल्या चिकन-ऑलिव्हच्या ताजीनची (मातीच्या भांड्यात मंद आचेवर शिजवलेल्या रश्श्याची) ती खास चव ताजं लिंबू पिळून येत नाही, त्याला खारवलेलंच लिंबू लागतं. पातळ सालीची पिवळीधमक लिंबं घ्या, भरल्या वांग्यासारख्या देठापर्यंत चार चिरा द्या आणि प्रत्येकात चमचाभर जाडं मीठ ठासा. कोरड्या काचेच्या बरणीत दाबून भरा, लिंबं बुडतील इतका रस वर ओता. तिखट, हळद, साखर काही नाही, हात कितीही शिवशिवले तरी! महिन्याभरात साल मऊ होते. खरा माल तीच; गर काढून टाकायचा. साल धुऊन, बारीक चिरून ताजीन उतरवायच्या दहा मिनिटं आधी घाला. रश्श्यात मीठ त्यानंतरच, चाखून.