टेकडीवर बसून पक्षिनिरीक्षण: घडीचे स्टूल कसे निवडावे आणि कोठे मांडावे

पुण्याच्या वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी अनेकांच्या गळ्यात हल्ली दुर्बीण दिसते. मात्र चालता चालता दिसलेला पक्षी बहुधा उडून जाणारा पक्षी असतो. माणसाची चाहूल लागली की झुडपातले शिंपी, चिरक, वटवट्या यांसारखे लहान पक्षी गप्प होतात, आणि आपण एका जागी स्वस्थ बसून राहिलो तर दहा-पंधरा मिनिटांत ते पुन्हा आपापल्या उद्योगाला लागतात. म्हणून फेरीचा निम्मा वेळ चालण्याला आणि निम्मा बसण्याला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बसायला टेकडीवर दगड पुष्कळ आहेत. पण जेथे दगड तेथे पक्षी असेलच असे नाही, शिवाय हिवाळ्यात तो गारठलेला असतो आणि साठी उलटलेल्या गुडघ्यांना त्यावरून उठणे जिवावर येते. घडीचे स्टूल जवळ असले की जागा पक्ष्यांच्या वावराप्रमाणे निवडता येते.

स्टूल विकत घेताना वजनापेक्षा उंचीकडे आधी पाहावे. तीन पायांचे, कापडी बैठकीचे स्टूल सर्वांत हलके असते, आणि खडबडीत जमिनीवर ते डुगडुगत नाही हा त्याचा मोठा गुण. परंतु ते बुटके असते आणि एका बाजूला जास्त झुकल्यास कलंडते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी चार पायांचे, बैठक जमिनीपासून ४० ते ४५ सेंटिमीटर उंच असलेले स्टूल घ्यावे. दुकानातच त्यावर बसून, कशालाही हात न टेकता दोन-तीन वेळा उठून पाहावे. तेथे उठता आले नाही तर टेकडीच्या उतारावर मुळीच उठता येणार नाही. त्यावर लिहिलेली भारमर्यादा आपल्या वजनापेक्षा निदान २० किलोंनी अधिक असावी, कारण दमलेला माणूस अलगद बसत नाही. ओढून उंच करण्याचे प्लॅस्टिकचे गोल स्टूल दिसायला सुटसुटीत असले, तरी त्याच्या खाचांत मुरूम गेला की ते नीट मिटत नाही, तेव्हा ते घरीच बरे. काठीलाच जोडलेली बैठक चढणीवर आधाराला उत्तम; मात्र ती थोडा वेळ टेकण्यापुरतीच समजावी. हातांची आणि पाठीची घडीची खुर्ची मोटारीपासून दूर नेण्याजोगी नसते, पण झाडांचे शेंडे किंवा आकाशातील घारी आणि शिक्रे पाहायचे असतील तर मान अवघडू नये म्हणून तिच्यासारखे दुसरे काही नाही.

स्टूल हातात धरून चालू नये. उतारावर दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून ते पट्ट्याने खांद्यावरून तिरके अडकवावे आणि त्याचे पाय सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रबराने आवळून ठेवावेत, नाहीतर ॲल्युमिनियमचे पाय पावलागणिक एकमेकांवर आपटतात आणि आपली वर्दी आपल्याआधी पोहोचते. याच कारणाने ठरलेल्या जागेच्या वीस-पंचवीस पावले अलीकडेच स्टूल उघडून घ्यावे. स्टुलाची घडी बांधून ठेवणारी चिकटपट्टी (व्हेल्क्रो) ओढल्याचा ‘खर्र’ असा आवाज सातभाईंचा अख्खा थवा उठवायला पुरेसा होतो.

जागा निवडणे हा या छंदातला खरा कौशल्याचा भाग आहे. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन पश्चिमेकडे तोंड करून बसावे, म्हणजे पिसांचे रंग उजळ दिसतात. कड्यावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर ठळक दिसेल असे बसू नये. पाठीमागे एखादे झुडूप असावे. पायवाट अडवू नये. बसण्यापूर्वी पायाने गवत चाचपून पाहावे, मुंग्यांचे वारूळ नाही ना, जवळपास खाजकुयलीच्या शेंगा नाहीत ना, याची खात्री करावी. सर्वांत फलदायी जागा म्हणजे फुललेले किंवा फळलेले झाड. फेब्रुवारीच्या सुमारास पांगारा, पळस किंवा काटेसावर फुलली की तिच्यासमोर पंधरा-वीस पावलांवर स्टूल मांडावे. सूर्यपक्षी चोच खुपसून फुलागणिक फिरतात, बुलबुल आणि साळुंक्या आळीपाळीने येतात, कोतवाल फुलांभोवतीचे किडे टिपतो आणि मधूनच बाकीच्यांना हुसकावतो, भोरड्यांचा थवा आला तर सारे झाडच गजबजते. तांबट आणि कोकीळ यांच्यासाठी उंबर-वड फळण्याची वाट पाहावी. आपला राज्यपक्षी हरियालही अशाच झाडावर शोधावा, कारण पानांत तो इतका बेमालूम मिसळतो की चालणाऱ्याला सहसा दिसत नाही.

दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर व्यासाच्या पुढच्या भिंगांची, पुरे. कमी उंचीच्या स्टुलावर कोपरे गुडघ्यांवर टेकली की ती हलत नाही, आणि हा बसण्याचा असा फायदा आहे की जो उभ्याने पाहणाऱ्याला मिळत नाही. पक्षी दिसताच नजर त्याच्यावरून न काढता दुर्बीण डोळ्यांकडे आणावी. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करणाऱ्यांनी बसून केलेले निरीक्षण चालत केलेल्या निरीक्षणात मिसळू नये. ३० मीटरच्या आत राहून केलेली नोंद ‘स्टेशनरी’ (एका जागी थांबून केलेली) या प्रकारात वेगळी करावी. अर्ध्या तासाने उठून पाय मोकळे करावेत.

टिटवीबाबत विशेष सांभाळावे. ती उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते आणि अंड्यांचा रंग मुरमासारखाच असतो. उन्हाळ्यात एखादी टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, तर ते आपल्या स्वागतासाठी नव्हे. आपण तिच्या अंड्यांजवळ आलो आहोत. अशा वेळी स्टूल उघडूच नये, पायाखाली पाहत आल्या वाटेने मागे फिरावे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणेही टाळावे, विशेषतः विणीच्या हंगामात.

पाणथळीची गोष्ट वेगळी. सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरजवळ मुळा-मुठेवरच्या कवडीपाटला हिवाळ्यात चक्रवाक, शेकाट्या, शराटी आणि धोबी पाहायला जाणाऱ्यांचे स्टूल काठच्या चिखलात रुतते. त्यासाठी प्रत्येक पायाखाली प्लायवूडचा तळहाताएवढा तुकडा किंवा जुन्या स्लिपरचा कापलेला तळवा ठेवावा. नदीचे पाणी स्वच्छ नसते, म्हणून घरी आल्यावर स्टुलाचे पाय साबणाने धुऊन, कापडी बैठक उलटी करून उन्हात वाळवावी आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच घडी घालून ठेवावी. ओलसर घडी घातलेले कापड शिवणीपाशी कुजते.