डिप्रेशनच्या ‘मेंदूच्या फोटो’ची बातमी कशी वाचायची, अन् घरच्या माणसाला न्यायचं कुठं

राजेहो, मोबाईलवर अधूनमधून एक बातमी फिरते. मेंदूचा रंगीत फोटो, लाल-पिवळे ठिपके, खाली लिहिलेलं की डिप्रेशन आता स्कॅनमध्ये दिसते, डिप्रेशनवाल्यांच्या मेंदूत ओपिऑइड रिसेप्टर (अफूसारखं रसायन बसायच्या जागा) कमी दिसले. मग घरात कोणी महिना-दोन महिने गप्प बसलेलं असलं की कोणीतरी म्हणतेच, "नागपूरले नेऊ, डोक्याचा फोटो काढू, मंग समजते सारं." तुरीचे पैसे एमआरआयमध्ये जातात, रिपोर्ट नॉर्मल येते, फिल्मची मोठी पिशवी खुंटीला लटकते अन् माणूस तसाच बाजेवर. वरून "रिपोर्टमधी तं काहीच नाही, नाटकं करते" हे ऐकावं लागते ते वेगळंच.

म्हणून आधी बातमीत स्कॅन कोणतं आहे ते शोधा. सीटी अन् एमआरआय मेंदूची बांधणी दाखवतात, गाठ आहे का, रक्तस्राव झाला का, हे. डॉक्टरला तसा संशय असला तर ते करावंच लागते, पण ओपिऑइड रिसेप्टर त्यात दिसत नाहीत. त्याला पेट स्कॅन लागते, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून ते कुठं बसलं हे पाहणारं, अन् तेही कॅन्सरवाल्यांचं नेहमीचं नाही. कॅन्सरच्या पेटमध्ये बहुतेक वेळा किरणोत्सारी साखर टोचतात, इथं कार्फेंटानिल टोचतात, जे मॉर्फिनपेक्षा हजारो पट कडक अन् हत्तीसारखं जनावर बेशुद्ध करायला वापरतात. घाबरू नका, स्कॅनला ते मायक्रोग्रॅममध्ये, एकदम नावापुरतं देतात. त्याला किरणोत्सारी कार्बन-11 जोडलेला असते अन् तो 20 मिनिटांत अर्धा संपते, म्हणून तो बनवणारं सायक्लोट्रॉन नावाचं मशीन जवळच पाहिजे. हे काम अमेरिकेतलं मिशिगन विद्यापीठ, फिनलंडचं तुर्कू अशा ठिकाणी संशोधन म्हणून चालते. जिल्ह्याच्या सेंटरवर कोणी "डिप्रेशनचं स्कॅन करून देतो" म्हटलं तर पैसे खिशात ठेवा अन् उठा.

आता बातमीतलं ते "कमी". रिसेप्टर म्हणजे पेशीवरची जागा, तिथं शरीराचंच अफूसारखं रसायन, एंडॉर्फिन वगैरे, येऊन बसते अन् दुखणं, ताण जरा हलका होते. टोचलेलं औषध फक्त मोकळ्या जागेवर बसू शकते. यष्टीत मोकळ्या सीट कमी दिसल्या तर गाडीच लहान आहे की गाडी भरली आहे, हे नुसत्या तेवढ्यावरून सांगता येते का? तसंच हे. "रिसेप्टर कमी दिसले" याचे दोन अर्थ निघतात अन् बातमीवाले एकच छापतात. म्हणून चांगल्या अभ्यासात एकाच माणसाचं दोनदा स्कॅन करतात, एकदा शांत असताना अन् एकदा मनाला काही लागल्यावर, अन् फरक मोजतात. दुसऱ्या वेळी मोकळ्या जागा घटल्या म्हणजे मेंदूनं स्वतःचं रसायन सोडलं.

मिशिगनवाल्यांचा 2015 चा अभ्यास असाच. औषध चालू नसलेले डिप्रेशनचे 17 जण अन् ठणठणीत 18 जण. त्यांनी आवडलेली स्थळं निवडायची (तिकडं डेटिंगची प्रोफाईल), मग स्कॅनमध्ये असताना सांगायचं की समोरच्याला तुम्ही पसंत नाही. गंमत म्हणजे हे सारं खोटं आहे हे आधीच सांगून ठेवलेलं! तरी लागलंच. ठणठणीत लोकांच्या मेंदूनं नकारानंतर स्वतःचं रसायन जास्त सोडलं, डिप्रेशनवाल्यांच्या मेंदूत ते कमी सुटलं अन् सावरायला त्यांना वेळही जास्त लागला. "मनावर घेऊ नको" म्हणणाऱ्या काकांना हे जरूर वाचून दाखवा. पण फरक दोन गटांच्या सरासरीचा आहे, तुमच्या भावाचं एकट्याचं स्कॅन काढून त्याला डिप्रेशन आहे का नाही हे त्यातून ठरत नाही. कोणतीही अशी बातमी आली की किती माणसं होती, गोळ्या चालू होत्या का, तुलना कोणाशी केली, एवढं तरी पाहाच.

अन् एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हे वाचून "मंग ओपिऑइडचीच गोळी घेऊ" असं डोक्यात आणू नका. दुखण्याची ट्रामाडॉल असो की खोकल्याचं कोडीनचं सिरप, सवय लागते, अन् डिप्रेशनच्या काही गोळ्यांसोबत ट्रामाडॉल धोक्याचं आहे. ओपिऑइडवर चालणारं डिप्रेशनचं एक औषध कंपनीनं बनवलं होतं, त्याला 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (तिथली औषधं तपासून परवानगी देणारी सरकारी संस्था) मंजुरी दिली नाही.

मग करायचं काय? डिप्रेशन बोलण्यातूनच ओळखतात. दोन आठवड्यांवर झोप, भूक, कामात मन, स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार, असं बिघडलं असलं तर जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार ओपीडीत न्या, नाहीतर सेवाग्राम, सावंगी, नागपूर यातलं जे मेडिकल कॉलेजचं रुग्णालय जवळ पडते तिथं. डॉक्टर थायरॉईड, हिमोग्लोबिन पाहायला सांगतील, ती स्वस्तातली रक्ततपासणी मेंदूच्या फोटोपेक्षा कामाची. कधीपासून झोप गेली हे घरच्यानं कागदावर लिहून न्यावं, कारण पेशंट तिथं "काही नाही जी, बरं आहे" म्हणून मोकळा होते. गोळीचा असर दिसायला काही आठवडे लागतात, आठ दिवसांत फेकू नका, अन् बरं वाटलं तरी विचारल्याशिवाय बंद करू नका.

जाणं लगेच जमत नसलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा 14416 लावा, फुकट आहे, रात्रीही लागते, मराठीत बोलतात. पण माणूस मरणाच्या गोष्टी बोलत असला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या, अन् फवारणीच्या औषधाचे डबे घरात, बंड्यात कुठंच ठेवू नका, दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा अन् चावी त्या घरवाल्याकडेच राहू द्या, पेशंटच्या हाती नाही.